अगदी पहिल्यापासून सांगणारं पुस्तक

मखमलाबाद, नाशिक
१२ जानेवारी १९९७

आदरणीय साधनाबाईंना चंद्रभागा काकडचा नमस्कार.

ओळखलं का? मी कुंदनची आई. पंचवटीच्या शाळेत तुम्ही चित्रकला शिकवायच्या तेव्हा कुंदन तुमच्या वर्गात होता. त्याला मुंबईच्या चित्रांच्या कॉलेजात घाला, असं सांगायला तुम्ही आमच्या मळ्यात आल्या होत्या. तुमचा पुण्याचा पत्ता शाळेच्या शिपायाकडून घेतला.

एक काम होतं. माझ्या भावाची मुलगी निकिता आठवीला हाय. तिला चित्रांचं पुस्तक पाहिजे. चित्र काढायचं नाय, बघायचं कसं ते सांगणारं. मागच्या काळात कोणी कोणी काय काढलं तेही त्यात पाहिजे. अगदी पहिल्यापासून सांगणारं, ज्याला काहीच येत नाय त्याला कळेल असं, आणि मराठीत. मी मेनरोडला दोन दुकानांत विचारलं. एकानं रंग भरायची वही दाखवली. दुसरा म्हणाला, "मावशी, असलं पुस्तक इथं कोण मागत नाही."

तुम्ही निवडून दिलं तर बरं होईल.

कुंदन मजेत हाय. मुंबईला त्याचा अभ्यास चालू हाय.

तुमची,
चंद्रभागा


पुणे
२१ जानेवारी १९९७

चंद्रभागाताई, सप्रेम नमस्कार.

ओळखलं म्हणजे काय! तुम्ही दिलेल्या गवारीच्या शेंगा मी बसमध्ये मांडीवर घेऊन आले होते.

निकिता आठवीत आहे म्हणजे तिला बहुधा चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला बसायचं असेल. म्हणून त्या परीक्षेची एक पुस्तिका सोबत पाठवते आहे. शेवटी चार पानं कलेच्या इतिहासाची आहेत, तेवढी आत्ता पुरतील.

कुंदन मजेत आहे हे वाचून बरं वाटलं. त्याला माझे आशीर्वाद कळवा. कुंदनच्या वडिलांना, खंडेरावांना नमस्कार.

साधना गर्गे


मखमलाबाद
९ फेब्रुवारी १९९७

साधनाबाई, नमस्कार.

पुस्तिका मिळाली. निकिताला दिली, तिला उपयोगी पडेल. पण मी तुमच्याशी खोटं बोलले. पुस्तक मला पाहिजे.

कुंदन मुंबईला नाय. दिवाळीला आला तो ट्रंक घेऊनच आला. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. तेव्हापासून कांदे साठवायच्या चाळीत खाट टाकून पडून असतो. जेवायला हाक मारली तर येतो, दोन घास खातो, परत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपतो. कोणाशी बोलत नाय. नाशिकच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. त्यानं झोप लागते, बाकी काय फरक नाय. ह्यांचं म्हणणं, आळस हाय, कामाला लावला की सरळ होईल. रोज त्यावरून घरात आवाज चढतो, मग मी मध्ये पडते.

त्यानं आणलेली सात चित्रं चाळीत भिंतीला पाठमोरी लावून ठेवलीत. एकदा मी ती सरळ केली. मोठी मोठी हायत, पण काय हाय त्यात ते कळंना. त्याच्याजवळ बसून विचारलं, "बाळा, ह्यात काय हाय रे?" तर म्हणाला, "आई, तुला सुरुवात कुठून करून सांगू?"

तीन महिन्यांत त्यानं बोललेलं तेवढंच. म्हणून वाटलं, सुरुवात आपणच शिकून घ्यावी. पुढं तो सांगेल.

मी सातवी पास हाय. शाळेत धडा वाचायला मलाच उभं करायचे. तुम्ही पुस्तक सांगा, मी वाचीन.

चंद्रभागा


पुणे
२५ फेब्रुवारी १९९७

चंद्रभागाताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि काल अप्पा बळवंत चौकात गेले. दुकानदारानं स्टुलावर चढून तीन पुस्तकं काढून दिली. मी प्रत्येकाचं पहिलं पान उघडलं आणि हे तुम्ही वाचताय असं समजून वाचून पाहिलं.

एक इंग्रजी, विटेएवढं जाड. चित्रं अशी की पानाला हात लावायला भीती वाटावी. पण इंग्रजी. दुसरं मराठी, कलाशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं. आदिमानवाच्या गुहांपासून आजपर्यंत सगळा इतिहास आहे, आपली लेणीही आहेत. भाषा थोडी जड आहे. तिसरं अगदी पातळ, लहान मुलांसाठी. वीस चित्रं, प्रत्येकाखाली चार ओळी. ते तुमच्या हातात द्यायला मला संकोच वाटला. दुसरं घेतलं, आज बुकपोस्टानं टाकते आहे.

रोज दोन पानं वाचा. अडेल तिथे खूण करा आणि मला लिहा. सनावळ्या पाठ करायच्या नाहीत.

कुंदनच्या सात चित्रांत काय दिसतं तेही लिहा. कळलं नाही तरी चालेल, जे दिसतं ते लिहा.

साधना


मखमलाबाद
३० मार्च १९९७

साधनाबाई, नमस्कार.

पुस्तक पोचलं. पहिली ओळ अशी: कला ही मानवी जाणिवेची आत्माभिव्यक्ती होय. चार वेळा वाचली. मेथीच्या जुड्या बांधता बांधता तोंडानं म्हणत राहिले. तरी आत काय उतरंना.

पान एक्केचाळीसवर लिहिलंय, ह्या चित्रातला लाल रंग डोळ्यांत भरतो. आणि चित्र काळं छापलंय. मी लाल कुठं शोधू? पुढं उघड्या बायांची चित्रं आली तेव्हा पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. ह्यांनी ते काढून बघितलंच. म्हणाले, "असलं बघून पोरगं गेलं, आता तू चालली का?" मी म्हटलं, "पोरगं गेलं नाय, चाळीत हाय." त्या दिवशी ते जेवले नाय.

दुपारी मी कुंदनच्या खाटेजवळ बसून मोठ्यानं वाचते. परदेशी नावं तोंडात बसत नाय. एक दिवस मी एक नाव मुद्दाम चुकीचं वाचलं, मग दुसरं, मग तिसरं. लहानपणी मी अभंग म्हणताना चुकले तर लगेच सुधारायचा. वाटलं, आता तरी म्हणेल, आई असं नाय असं. त्यानं सुधारलं नाय. डोळे उघडे होते, पण म्हणाला नाय.

सात चित्रांचं विचारलंत. पाचात आमची शेतं हायत, हे आता कळतं. पाट, बांध, विहीर. रंग भलतेच हायत म्हणून आधी ओळखू आलं नाय. माणूस एकाही चित्रात नाय. बैलही नाय. सहाव्यात नुसती खाट हाय. सातवं अर्धं पांढरंच राहिलंय.

यथादर्शन म्हणजे काय ते मात्र कळलं. पाटाच्या कडेनं बघितलं तर लांब जाता जाता दोन्ही काठ जवळ येतात. रोज त्याच वाटेनं जाते, पण बघितलं नव्हतं. हे कुंदनला सांगितलं. त्यानं पांघरूण डोक्यावर घेतलं.

चंद्रभागा


पुणे
१४ एप्रिल १९९७

चंद्रभागाताई,

माझी निवड चुकली. ते पुस्तक वाईट नाही, पण ज्याला आधीच माहीत आहे त्याच्यासाठी लिहिलेलं आहे. तीस वर्षं मी शिकवलं आणि जी बाई म्हणते मला काहीच येत नाही, तिच्या हातात आत्माभिव्यक्ती दिली. पातळ पुस्तक घ्यायला मला लाज वाटली, ती माझीच होती.

ते आता पाठवते आहे. लहान मुलांचं आहे, पण चित्रं रंगीत आहेत आणि लाल रंग लालच आहे. ह्याचा इतिहास वाचू नका. चुलीवर चहाचं आधण ठेवा आणि ते उकळेपर्यंत एकाच चित्राकडे बघत बसा. आधी काय दिसतं, मग नजर कुठे जाते, आणि कुठे जायचं टाळते. एवढंच करा. कलेचा आस्वाद म्हणून मोठमोठ्या वर्गांत शिकवतात ते ह्याहून फार वेगळं नसतं.

आणि तुमच्यापासून तासाभरावर पांडवलेणी आहेत. एकदा कुंदनला घेऊन जा. त्याला शाळेत असताना मी तिथे नेलं होतं, तो खाली उतरायला तयार नव्हता.

साधना


मखमलाबाद
२२ जून १९९७

साधनाबाई,

लय दिवसांनी लिहिते. काय काय झालं ते ऐका.

पातळ पुस्तक लय चांगलं निघालं. वीसच्या वीस चित्रं मी बघितली, आधण ठेवून. एका चित्रात एक बाई भांड्यात दूध ओतते. पहिल्या दिवशी वाटलं, ह्यात काय बघायचं? चौथ्या दिवशी तिच्या मनगटावर नजर गेली. बाही वर सरकवलीय तिथं गोरं आणि खाली रापलेलं. उन्हात काम करणारी हाय ती. मी माझा हात बघितला. कोणी हे असं बघून, थांबून काढलं असेल, ह्याचंच नवल वाटलं. त्या दिवशी चहा उतू गेला.

वैशाखात, भाजी कमी होती म्हणून, कुंदनला घेऊन पांडवलेण्यांना गेले. तो आला, नाय म्हणाला नाय. निम्म्या पायऱ्या चढला आणि बसला. म्हणाला, "तू जाऊन ये." मी वर गेले. लग्न झाल्यावर एकदा गेले होते तेव्हा पांडव समजून हात जोडून आले होते. ह्या खेपेला थांबले. एका लेण्याच्या पुढं, जमिनीपाशी, बुटकी बुटकी माणसं अख्खं लेणं खांद्यावर घेऊन उभी हायत. मला त्यांचे हात दिसले. भार उचलताना हमालाचे तळहात कसे मागं वळतात, तसेच. दोन हजार वर्षं झाली म्हणतात.

धावत खाली आले आणि त्याला सांगायला लागले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, तुला दिसतं. मला आता काय दिसत नाय. डोळे हायत, बघतो, पण आत काय जात नाय. पुस्तक वाचून ते परत येत असतं तर माझ्याकडं होती की ढीगभर पुस्तकं."

आम्ही बसनं घरी आलो. तिसऱ्या दिवशी तो घरात नव्हता.

चार दिवस सापडला नाय. ह्यांनी विहिरीत गळ टाकून बघितले. मी काठावर बसले होते, ते काय लिहून सांगायचं नाय. ह्यांचा तो आळसाचा शब्द त्या दिवसापासून तोंडातून गेला. पाचव्या दिवशी गावातला रावजी नाशिकरोड स्टेशनवर गेला होता, त्याला कुंदन बाकावर बसलेला दिसला. मुंबईकडच्या गाड्या जायच्या आणि तो बघत बसायचा. बसला एकातही नव्हता. अंगात ताप होता.

आता घरात आणलंय, चाळीत झोपू देत नाय. तापात बडबडताना तो एक बोलला, आणि नंतर शुद्धीवर असताना मी परत विचारलं तेव्हा हो म्हणाला. म्हणून तुम्हाला विचारते. दिवाळीच्या आधी त्यानं तुम्हाला पत्र टाकलं होतं. तुमचं उत्तर आलं नाय. ते पत्र तुम्हाला मिळालं होतं का?

चंद्रभागा


पुणे
४ जुलै १९९७

चंद्रभागाताई,

मिळालं होतं.

गेल्या सप्टेंबरात. तुम्ही जानेवारीत लिहिलंत कुंदन मजेत आहे, तेव्हा मला ठाऊक होतं की तो मजेत नाही. तरी मी "बरं वाटलं" असं लिहिलं. तुम्ही खरं सांगितल्यावरही मी गप्प राहिले आणि पुस्तकं निवडत बसले.

पत्र चारच ओळींचं होतं. "बाई, मला हल्ली रंग दिसतात, चित्र दिसत नाही. सर म्हणतात, बैठक वाढव. मी बसतो. तुम्हाला असं कधी झालं होतं का? झालं असेल तर पुढं काय केलंत?"

मला झालं होतं. मी सव्वीस वर्षांची होते तेव्हा. आणि पुढे मी काहीच केलं नाही. वाट पाहिली, ते आलं नाही, मग शाळेत नोकरी धरली. त्यानंतर फळ्यावर फुलदाण्या काढल्या, बाकी एक चित्र नाही. हे त्याला कसं लिहायचं? ज्या बाईनं मळ्यात येऊन त्याच्या वडिलांना पटवलं, तिनंच? काहीतरी धीराचं लिहावं म्हणून दहा वेळा कागद घेतला. प्रत्येक वेळी खोटं वाटलं. मग आज लिहू, उद्या लिहू, आणि मग इतका उशीर झाला की लिहायचीच लाज वाटायला लागली. पत्र कपाटात ठेवून दिलं.

तो त्या बाकावर बसला होता ते चार दिवस मला आता सुटणार नाहीत.

सोबत त्याच्या नावाचं बंद पाकीट आहे. त्यात धीराचं काही नाही. मला झालं होतं, ते परत आलं नाही, तरी मी जगले, काही दिवस बरे गेले, एवढंच आहे. द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही त्याची आई आहात.

क्षमा मागायलाही मला जागा दिसत नाही.

साधना


मखमलाबाद
१७ ऑगस्ट १९९७

साधनाबाई,

तुमचं पत्र वाचून मी पुस्तक कोनाड्यात टाकलं. लय राग आला. चार ओळींना चार ओळी लिहायला काय लागतं, असं वाटलं. पाकीट आठ दिवस धान्याच्या डब्यात ठेवलं. मग कुंदनला दिलं.

त्यानं ते उशीखाली ठेवलं, फोडलं नाय. नागपंचमीला बघितलं तर फोडलेलं होतं. मी विचारलं, "काय लिहिलंय बाईंनी?" तो म्हणाला, "खरं लिहिलंय." नंतर म्हणाला, "त्यांना कळव, पत्र मिळालं."

दुसऱ्या दिवशी त्यानं सातही चित्रं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. मग अंघोळ करून ह्यांच्याबरोबर भाजी घेऊन मार्केटला गेला. हे खूश झाले. तुमच्या पत्रानं काटा निघाला का आणखी आत गेला, मला कळत नाय. मी नुसती बघत राहिले.

चंद्रभागा


पुणे
८ जानेवारी २००१

चंद्रभागाताई, नमस्कार.

साडेतीन वर्षांनी लिहिते आहे. तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही, ह्याही वेळी. पण परवा दुकानात गेले होते. ते जाड इंग्रजी पुस्तक, ज्याचं मी तुम्हाला लिहिलं होतं, त्याची नवी आवृत्ती आली आहे. आता मराठीत एक चांगलं, सोपं पुस्तकही निघालंय, पातळ पुस्तकाच्या पुढची पायरी म्हणता येईल असं, चित्रं रंगीत. हातात घेतलं आणि पहिलं पान तुम्ही वाचताय असं समजून वाचलं. ह्या वेळी अडखळले नाही.

पाठवू का? नको असेल तर नको लिहा. कुंदन कसा आहे, हे विचारायचा हक्क मला नाही, तरी विचारते.

साधना


मखमलाबाद
३ फेब्रुवारी २००१

साधनाबाईंना चंद्रभागाचा नमस्कार.

राग कधीच गेला. तुम्हाला लिहायचं राहून गेलं, दुसरं काय नाय.

कुंदन बरा हाय. खातो, पितो, हसतोही. ओझरला एका वर्कशॉपमध्ये कामाला लागलाय, ट्रकच्या पाट्या आणि नंबर रंगवतो. अक्षर असं काढतो की लांबून लोक येतात. गेल्या वर्षी लग्न झालं, सून शुभांगी गुणाची हाय. हे म्हणतात, देवानं ऐकलं. मीही म्हणते. पोतं माळ्यावरच हाय. एकदा मी सोडू का म्हटलं, तर म्हणाला, "राहू दे, आई, धूळ उडेल."

आता माझं सांगते. पातळ पुस्तकाची वीस चित्रं मी अजून बघते. पानं सुटलीत, डिंकानं चिकटवली. पण खोड अशी लागली की पुस्तकाबाहेरही बघणं होतं. कोबीचा गड्डा कापला की हात थांबतो. मार्केटात बायका ओळीनं बसल्या की कोणाच्या लुगड्याशेजारी कोणतं लुगडं आलं ते बघत राहते, तोवर गिऱ्हाईक निघून जातं. मी कुंदनशी बोलता यावं म्हणून शिकायला निघाले होते, बाई. त्याचं गेलं आणि माझं हे आलं. मी मागितलं नव्हतं.

परवाची गोष्ट. संध्याकाळी हौदावर मुळे धुवत होते. खाली निळा प्लॅस्टिकचा कागद, त्यावर मुळ्यांचा ढीग, आणि ऊन आडवं आलं होतं. बघितलं तर मुळे पांढरे नव्हतेच. खालच्या अंगाला निळे, वरच्या अंगाला हळदीसारखे, आणि मध्ये एक रंग असा की त्याला नावच नाय. पन्नास वर्षं मुळे धुतले मी, आणि ते पांढरे असतात असं समजत होते. कोणाला तरी दाखवावं म्हणून ह्यांना हाक मारली. हे आले, बघितलं, म्हणाले, "मुळा पांढराच असतो. आटप, टेम्पो येईल." सुनेला बोलावलं, ती बिचारी हसली.

तेवढ्यात कुंदन ओझरहून आला. बसमधून उतरून डबा हातात घेऊन चालला होता. मी ओरडले, "कुंदन, हे बघ रे, बघ मुळ्याचा रंग कसा झालाय!"

तो चालता चालता, मान न वळवता म्हणाला, "छान हाय, आई."

बाई, ते माझं वाक्य हाय. तो पाच-सहा वर्षांचा असताना कोळशानं, विटकरीनं, सापडेल त्यानं काहीतरी काढायचा आणि पळत शेतात यायचा. "आई बघ, आई बघ." मी तण निंदत असायची. खाली मान घालूनच म्हणायची, "छान हाय, बाळा." तो थोडा वेळ उभा राहायचा, मग परत जायचा. असं किती वर्षं चाललं असेल. आमच्या सगळ्यांत राहून तो किती एकटा होता, ते मला त्या हौदावर कळलं. आणि आता कळून त्याला काय उपयोग? तो कुठं त्या जागेवर उभा हाय?

तो आत गेला. हातपाय धुतले, शुभांगीनं चहा दिला, त्या दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. मी परत मुळ्यांकडं वळले. ऊन गेलं होतं. ढीग होता, नुसता धुतलेल्या मुळ्यांचा.

पुस्तक पाठवा. मी एकटीच बघीन.

तुमची,
चंद्रभागा